मधल्या जागेतले ठिपके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या एका छायाचित्रावर माझी नोकरी कायम झाली, त्यातला स्वच्छपणा आमच्या संशोधनाचा नव्हता. तो चंदनाच्या पाण्याचा होता. मला ते महिन्याभरातच कळलं होतं. आणि मी गप्प राहिल्याची शिक्षा झाली ती एका मुलीला, जी मला अण्णा म्हणायची.

एकोणीस वर्षं झाली. चेन्नईत गिंडीच्या बाजूला एका संशोधन संस्थेत मी तेव्हा प्रोजेक्टवर होतो. प्रोजेक्टवर असणं म्हणजे प्रोजेक्ट आहे तोवर आपण आहोत. वय पस्तिशीला टेकलेलं, मुलगा बालवाडीत, आणि दर मार्च महिन्यात मुदतवाढीच्या कागदाची वाट बघणं.

जिना चढून गेलं की डावीकडची शेवटची खोली आमची. खिडकीला करंजाचं झाड लागून होतं. उन्हाळ्यात त्याची फुलं खिडकीतून आत यायची आणि साफसफाई करणारी अक्का त्या झाडाला तमिळमध्ये शिव्या घालत ती झाडायची. फुलांचा वास, स्पिरिटचा वास आणि जंतूंना खायला घालायला आम्ही जो मांसाचा अर्क उकळायचो त्याचा वास, या तिन्हींचं मिश्रण माझ्या शर्टाला घरापर्यंत यायचं. आजही एखाद्या इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून जाताना त्यातला अर्धामुर्धा वास आला तरी मी क्षणभर थांबतो. चांगले दिवस होते ते. वाईट मी केलं म्हणून दिवस वाईट ठरत नाहीत.

काम काय होतं ते सांगतो. लघवीसाठी आजारी माणसाला जी नळी घालतात, तिच्या आत चार-पाच दिवसांत जंतू येऊन बसतात. एक बसला की दुसरा त्याला चिकटतो, आणि बघता बघता शेवाळासारखा बुळबुळीत थर होतो. मग औषध वरून वाहून जातं, आत शिरत नाही. आमचे सर म्हणायचे, जंतूंना मारू नका, बसूच देऊ नका. त्यासाठी नळीच्याच रबराच्या नखाएवढ्या तुकड्यांवर आम्ही प्रोटीनचे ठिपके उमटवायचो. डोळ्यांना न दिसणारे, जंतूहून लहान. मऊ सिलिकॉनचा शिक्का करायचा, तो प्रोटीनच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, तुकड्यावर ठेवून वर छोटं वजन ठेवायचं आणि पाच मिनिटांनी अलगद उचलायचा. सगळा तुकडा प्रोटीनने माखला तर तो थर सोलून निघतो. ठिपके मात्र धरून राहतात, आणि त्यांच्यामध्ये जंतूला नीट बूड टेकता येत नाही, अशी सरांची कल्पना.

हे प्रोटीन गाईच्या रक्तातलं. घरी आईनं विचारलं तेव्हा मी दुधातलं म्हणून सांगितलं. इतकं सहज सांगितलं की माझं मलाच नवल वाटलं.

ती मुलगी आमच्या खोलीत आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होती. नवीन मुलीला काम शिकव, एवढं सांगून सर निघून गेले. मी जवळ गेलो तर ती थेंब सोडत ओठांतल्या ओठांत मोजत होती, "सा, सात, आठ..."

मी मराठीत म्हटलं, "नवावर थांब. दहावा जास्त होतो."

तिचा हात हवेतच राहिला. "अण्णा! तुम्हीं आमचे कीं?"

आमचे, म्हणजे तंजावरकडचे. शेकडो वर्षांपूर्वी खाली आलेल्या मराठी घरांतले. तमिळ लोक आम्हांला रायर म्हणतात, आणि आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. मी ही पुस्तकी मराठी वडिलांकडे पोस्टानं येणाऱ्या मासिकांवर शिकलो. ती शिकलीच नव्हती. ती बोलायची ते थेट आजीच्या स्वयंपाकघरातून आल्यासारखं. सकाळी दारातून आत येता येता, "काय करूलांत अण्णा?" काय करताय, याला आमच्याकडे असं म्हणतात. माझी आई गेल्यापासून घरातलं कुणी मला असं विचारत नाही.

बारा वाजता आम्ही करंजाखालच्या कट्ट्यावर डबे उघडायचो. तिच्या डब्यात डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, असली की ती झाकणात अर्धी मला काढून द्यायची. एकदा सर जाता जाता थांबले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं त्या भाषेत माझ्याबद्दलच बोलता ना?"

"नाही सार, मिरचीबद्दल," ती तमिळमध्ये म्हणाली. आणि ते गेल्यावर मराठीत, "तिखट दोघांतपण अहेच कीं."

सरांना पाहुण्यांसमोर बोलायला आवडायचं. कुणी आलं की ते शिक्का दाखवत म्हणायचे, "ही आमच्या दारातली कोलमच आहे. पुळ्ळी कोलम, ठिपक्यांची रांगोळी. आपल्या बायकांना हे विज्ञान आधीपासून ठाऊक!"

एका पाहुण्यासमोर तिनं हळूच म्हटलं, "सार, कोलम तांदळाच्या पिठाची घालतात, मुंग्यांनी येऊन खावं म्हणून. आपण तर येऊ नये म्हणून घालतो."

पाहुणा खदखदून हसला. सर हसले नाहीत. मला तेव्हाच वाटलं होतं, ही मुलगी फार दिवस गप्प बसून टिकणारी नाही.

मग आयुध पूजा आली. इकडे नवरात्राच्या नवव्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा होते. रिक्षावाल्याची रिक्षा, शिंप्याचं मशीन, पोरांची पुस्तकं. त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, प्रत्येकानं आपापलं काम थोडं का होईना करून नवी सुरुवात करायची. आमच्या खोलीतही मायक्रोस्कोप, ओव्हन, इन्क्युबेटर, सगळं अक्कानं आदल्या दिवशी पुसून ठेवलं होतं. ठिपके उमटवलेल्या तुकड्यांची पेटीही तयार होती. तिच्यात दोन रांगा. पुढच्या रांगेत ठिपके उमटवलेले आठ तुकडे, मागच्या रांगेत कोरे आठ.

"हीसुद्धा पूजेत ठेव," सर म्हणाले. "आणि पूजा तूच कर. तू अय्यर ना?"

"रायर, सर."

"अय्यर काय, रायर काय. जानवं आहे ना? झालं तर."

मी दुकानातली चंदनाची पूड पन्नीरात, म्हणजे गुलाबपाण्यात, कालवली. ती पातळ झाली. पेटी पुस्तकांच्या ढिगावर पुढच्या बाजूला थोडी कलती होती. मी झाकणावर टिळा लावला, वर पाणी शिंपडलं, कापूर ओवाळला. ती मागे उभी राहून हळूच म्हणाली, "अण्णा, पेटीला कां? आत जाईल."

मी म्हटलं, "झाकण आहे."

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. पुढच्या रांगेतल्या आठही तुकड्यांना पिवळसर ओलावा लागून वाळलेला होता. सर बाजूलाच उभे, हातात सुंडलचा, म्हणजे प्रसादाच्या उसळीचा, द्रोण, चणे तोंडात. "चला, शुभारंभ!" म्हणाले. ती अजून आली नव्हती. त्या वेळी म्हणायला हवं होतं की सर, ही पेटी फुकट गेली, नवी करायला तीन दिवस लागतील. पण विजयादशमीच्या सकाळी फुकट गेली हा शब्द तोंडातून काढायचा? मी तुकडे पाण्यात खळबळून घेतले. डाग डोळ्यांना दिसेनासे झाले. मी ते जंतूंच्या पाण्यात सोडले.

संध्याकाळी जंतू हिरवे चमकतात असा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरले तेव्हा कोरे तुकडे हिरव्या ठिणग्यांनी भरून गेले होते आणि ठिपक्यांचे तुकडे काळेभोर. चार-दोन जंतू इकडेतिकडे, वाट चुकल्यासारखे. सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की काही फुटलं समजून अक्का झाडू घेऊन धावत आली. ते छायाचित्र अहवालाच्या पहिल्या पानावर गेलं, नंतर भिंतीवर लागलं. प्रोजेक्ट वाढला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "कैरासि आहे तुझ्या हाताला." कैरासि म्हणजे आपला हातगुण.

पुढच्या एका रविवारी दुपारी मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. कोऱ्या तुकड्यांना तेच चंदनाचं पाणी लावलं, वाळवलं, धुतलं, जंतूंत सोडलं. ते तुकडेही काळेभोर निघाले. पन्नीरात असेल, रंगात असेल, पुडीतल्या आणखी कशात असेल, ते मी शोधलं नाही. तुकडे कचऱ्यात टाकले आणि वहीत काहीच लिहिलं नाही. माझ्या आयुष्यात न लिहिलेलं असं ते एकच पान आहे.

आता तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून दाखवायचा होता, आणि ते काम सरांनी तिला दिलं.

तीन महिने ती करत राहिली. काटेकोर हात होता तिचा. शिक्का उचलताना श्वास धरायची. पण तिच्या तुकड्यांवर जंतू बसायचे. कोऱ्यापेक्षा कमी, पण बसायचे. खरं उत्तर तेच होतं. नेमक्या जाळीत, एकाखाली एक असे ठिपके, आणि चार ठिपक्यांच्या मध्ये जंतूला पुरेल एवढी जागा. ती दर आठवड्याला छायाचित्रं घेऊन सरांकडे जायची आणि तोंड पाडून परत यायची.

"अण्णा, तुम्हीं कसं केलंत? मला दाखवा कीं एकदां."

मी दाखवायचो. तिच्यासारखंच करायचो. फक्त पुढचं काम तिच्यावर टाकून चहाला जायचो, म्हणजे निकाल माझ्या नावावर येणार नाही.

खोलीत कुजबुज सुरू झाली. एका मुलानं विनोद केला की हिच्या हातचं जंतूंनासुद्धा गोड लागतं. तीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली.

मार्गळी लागली, म्हणजे इकडचा मार्गशीर्ष. या महिन्यात पहाटे प्रत्येक दारात मोठी कोलम पडते. ती कामावर यायची तेव्हा तिच्या नखांत पांढरी पूड असायची, आणि प्रयोगाआधी ती ब्रशनं घासून काढायची. अशाच एका सकाळी तिनं मला हाक मारली.

"अण्णा, हा कोपरा बघा."

एका तुकड्यावर शिक्का घसरला होता. उजव्या कोपऱ्यात ठिपके दोनदा उमटले होते, आणि दुसऱ्या वेळचे पहिल्यांच्या मधल्या जागेत पडले होते. बाकी तुकडा हिरवा. कोपरा मात्र काळा, स्वच्छ.

"आपण नुसती सरळ पुळ्ळी घालतों, एकाखाली एक," ती भरभर बोलत होती. "इडुक्कु पुळ्ळी घालायला पाहिजे. मधल्या जागेंत. आमची अम्मा तशीच घालते, रेघ कुठें रिकामी राहत नाही. अण्णा, सरांना सांगूं?"

इडुक्कु पुळ्ळी म्हणजे दोन ठिपक्यांच्या मधोमध खालच्या ओळीतला ठिपका. कोलम घालणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं की तसे ठिपके दाट बसतात आणि मध्ये मोठी फट उरत नाही. आमच्या शिकलेल्या सरांना ते सुचलं नव्हतं, मलाही नाही. मला लगेच पटलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की मधल्या ठिपक्यांची गरज आहे असं ठरलं, तर मग सरळ ठिपक्यांचं ते भिंतीवरचं छायाचित्र एवढं काळं कसं, हे कुणीतरी विचारणार.

मी म्हटलं, "शिक्का घसरला म्हणजे चूक झाली. तो कोपरा मोजू नकोस."

तिनं तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं अण्णा." वहीत मात्र तिनं तो कोपरा पेन्सिलीनं काढून ठेवला. शेजारी एक छोटी कोलम, मधल्या जागेत ठिपके घातलेली.

पोंगलच्या आदल्या आठवड्यात आढावा होता. सरांनी मला एकट्याला आत बोलावलं. टेबलावर तिची छायाचित्रं पत्त्यांसारखी पसरलेली.

"स्पष्ट सांग. पद्धतीत चूक आहे की हातात? तू शिकवलंस तिला."

पंख्याचा आवाज आठवतो. खिडकीबाहेर अक्का कुणाशी तरी पोंगलच्या उसाचा भाव करत होती.

"अजून हात बसला नाही, सर," मी म्हटलं. "बसेल हळूहळू."

एवढंच बोललो. वाईट एक शब्द बोललो नाही. वर "बसेल हळूहळू" म्हणून तिची बाजू घेतल्यासारखंही केलं. सरांनी छायाचित्रं गोळा केली. "कैरासि नाही," ते म्हणाले. "काही जणांना नसते. तिला दुसरं काहीतरी बघू दे."

पोंगलनंतर तिला साठ्याची यादी करायला बसवलं. बाटल्या मोजायच्या, लेबलं लावायची. दोन महिन्यांनी तिची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. शेवटच्या दिवशी तिनं मला नमस्कार केला, वाकून, मोठ्या भावाला करतात तसा. म्हणाली, "अण्णा, तुम्हीं पुष्कळ शिकवलंत. मलाच जमलं नाही." वही टेबलावर ठेवून गेली. वह्या संस्थेच्या असतात. मी ती माझ्या कपाटात ठेवली.

ही झाली एक गोष्ट. दुसरी सांगायला मला जास्त जड जातं.

पुढच्याच वर्षी मी कायम झालो. त्यानंतर काही महिन्यांनी तिची वही काढून मी सरांसमोर गेलो, म्हणजे वही कपाटात ठेवून तिच्यातली ती कोलम डोक्यात घेऊन गेलो, आणि म्हटलं, "सर, ठिपके एकाआड एक सरकवून बघू या का?" सरांना आवडलं. नवा शिक्का केला. निकाल चांगला आला. त्या भिंतीवरच्या छायाचित्राइतका डोळे दिपवणारा नाही, पण खरा, आणि दर वेळी येणारा. लेखावर सरांचं नाव आणि माझं. शेवटी आभारात अक्काचंही नाव होतं, काचेची भांडी धुतल्याबद्दल. तिचं नव्हतं. जुन्या छायाचित्राबद्दल कुणी कधीच विचारलं नाही. मी ज्याला घाबरलो होतो तो प्रश्न आलाच नाही.

सर निवृत्त झाले, करंज पाडून तिथे पार्किंग झालं, आणि त्या खोलीच्या दारावर आता माझी पाटी आहे.

गेल्या नवरात्रात ती आमच्या घरी आली. आमच्या मंडळींच्या एका समारंभात बायकोची आणि तिची ओळख झाली होती. तांबरमच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवते. बायकोनं बाहुल्यांची कोलू, म्हणजे नवरात्रातली मांडणी, बघायला बोलावलं, तर बरोबर सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. केसांत थोडं पांढरं, आवाज तोच. दारातूनच म्हणाली, "काय करूलांत अण्णा?" मी दोघींना आत घेतलं.

मुलगी बारावीत आहे. मायक्रोस्कोप, जंतू, त्यांचं बसणं-उठणं यांवर असे प्रश्न विचारत होती की मला त्या कट्ट्यावरची तिची आई दिसत होती. बायकोनं विचारलं, "मग पुढे हेच शिकणार वाटतं?"

"अम्मा नको म्हणते," मुलगी तमिळमध्ये म्हणाली. "कॉमर्स घ्यायला हवं होतं म्हणते. आमच्या घरात कैरासि नाही म्हणे. अम्माच्या हाताखाली बॅक्टेरियासुद्धा खुशीत असायचे!"

"विचार कीं मामांना," ती हसत म्हणाली. "त्यांनीं बघितलंय. तीन महिने घातले अण्णा, अहे न लक्षांत? एक तुकडा धड आला नाही. नुसतं वाचून होत नाही गं बाई, हात लागतो."

मुलगी माझ्याकडे बघत होती. विनोद संपला होता. तिला खरोखर उत्तर हवं होतं. बायको पान-सुपारी, कुंकू आणायला आत गेली होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि विचारलं, "कॉफीत साखर किती?"

त्या गेल्या. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तिचं चांगलंच झालं, नोकरी आहे, संसार आहे, माझ्यावर राग नाही. तिचा राग नाही, कारण ती मान्य करून बसली आहे. मी सरांच्या खोलीत बोललेलं वाक्य तिनं कधी ऐकलंही नाही, तरी तेच वाक्य ती आता मुलीला सांगते आहे. आणि मुलीचे प्रवेश अर्ज उन्हाळ्यात भरायचे आहेत.

इथे मी नावं लिहिलेली नाहीत, तिचं नाही, माझंही नाही. ती हे वाचेल असं नाही. ती मराठी वाचत नाही, फक्त बोलते. म्हणजे हे सगळं मी अशा ठिकाणी कबूल केलं आहे जिथे ते तिच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला लिहिता लिहिता कळलं.

तेव्हा मी तिचं काय देणं लागतो ते साधं लिहून ठेवतो. तिची वही तिला परत द्यायची आहे. त्या लेखावर तिचं नाव घालावं म्हणून, आणि ते पहिलं छायाचित्र खोटं आहे म्हणून, संस्थेला माझ्या सहीचं पत्र द्यायचं आहे. आणि तिच्या घरी जाऊन, मुलीच्या देखत, आमच्या मराठीत सांगायचं आहे की तिचा हात चांगला होता, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.